रूपरावजींनी लॅपटॉपचे दात पाहिले

आष्टीच्या ढोरांच्या बाजारात रूपरावजींची नजर चालते, ही गोष्ट आता कोणी नव्याने सिद्ध करायच्या भानगडीत पडत नाही. लोक सांगतात, एकदा रूपरावजी बसस्टँडवर चहा पीत होते. रस्त्यापलीकडून घंटी वाजली, तर बशी खाली न ठेवता ते म्हणाले, "मागचा डावा पाय आखडते." पाहिलं तर खरंच आखडत होता. काही खवचट लोक पुढे असंही सांगतात की तो बैल नव्हता, सायकल ढकलत चाललेला कुल्फीवाला होता. पण पाय आखडत होता ना, मग झालं.

अशा माणसाला कधी कोणी फसवलं नव्हतं. निदान तसं कोणाच्या कानावर नव्हतं. बाजारातून आणलेलं जनावर रूपरावजींनी कधी परत नेलं नाही, आणि त्यांनी पसंत केलेलं जनावर घेणाऱ्याने कधी तक्रार केली नाही. घरी शेत होतं, संत्र्याची बाग होती, पण रूपरावजींना विचारलं असतं की तुमची इस्टेट कोणती, तर त्यांनी पारखीतलं आपलं हे नाव सांगितलं असतं. बागेला कुंपण नव्हतं. नावाला होतं.

तर झालं असं की त्यांची सून मोहिनी हिला संत्रावाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत हिशेबाचं काम लागलं. काम घरी बसून करायचं, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू व्हायच्या आत सुरू करायचं, आणि त्याला लॅपटॉप पाहिजे. नवा नको, जुना चालेल, असं मोहिनी म्हणाली. जुना म्हटल्यावर रूपरावजींचे कान उभे राहिले. जुन्या वस्तूची पारख म्हणजे आपलं खातं.

"बाजारात थो नागपूरचा पोरगा येते ना, ताडपत्री टाकून बसते, त्याच्यापाशी हायेत," ते म्हणाले. "मी आणतो."

"मी येते संगं, मामाजी," मोहिनी म्हणाली.

"कायले? बाजार मले शिकवशील का?"

"बाजार नाई. लॅपटॉप."

"जे बाजारात आलं थे बाजाराच्याच कायद्यानं चालते," रूपरावजी म्हणाले, आणि खांद्यावर रुमाल टाकून एकटेच निघाले.

त्या पोराचं नाव रजत. नागपूरकडच्या बंद पडलेल्या ऑफिसांतले लॅपटॉप गाडीत भरून तो तालुक्यातालुक्याचे बाजार करायचा. आष्टीत त्याची ताडपत्री नेमकी ढोरांच्या बाजाराला लागून होती. टेबलावर एक लॅपटॉप चालू करून ठेवलेला, त्यावर कोणा बाईचा नाच चाललेला, आणि खाली बाकीचे निजवून ठेवलेले. रूपरावजी आले तशी आजूबाजूची माणसं गोळा झाली. त्यात महादेवरावही होते. महादेवराव म्हणजे पारखीच्या धंद्यातले गावातले दुसरे. पहिला नंबर रूपरावजींचा असल्यामुळे महादेवरावांना गेली कित्येक वर्षं झोप नीट लागत नव्हती.

रूपरावजींनी एक लॅपटॉप उचलला. आधी वजन पाहिलं. मग पाठीवरून हात फिरवला, कुठे सूज आहे का ते पाहिलं. खाली वाकून चारही रबरी खूर दाबले. झाकण उघडलं आणि बटनांची रांग डावीकडून उजवीकडे अंगठ्याने चाचपली.

"दात पूर्ण हायेत," ते म्हणाले. "भरल्या तोंडाचा, जुळलेला हाये, पण म्हातारा नाई."

गर्दीने मान डोलावली. झाकण दोनदा उघडून मिटून त्यांनी जबडा पाहिला. मानेपाशी नाक नेऊन वास घेतला. एकच गोष्ट त्यांनी केली नाही. ती वस्तू चालू करून पाहिली नाही. कारण सरळ होतं. चालू करायचं बटन कुठे असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि महादेवरावांच्या देखत ते विचारण्यापेक्षा त्यांनी काशीला जाणं पसंत केलं असतं.

"काकाजी, बॅटरी लो है, घरी चार्ज करून घ्या," रजत म्हणाला. "पूरा लॉट एकाच ऑफिसचा. हा टेबलवरचा चालू है ना, वैसाच."

रूपरावजींनी रुमाल काढला, रजतचा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबली. ढोरांचा भाव असाच ठरतो. बोटांनी, गुपचूप, शेजारच्याला कळू न देता. रजतला वाटलं, आजोबांना चक्कर येऊन राहिली, म्हणून त्याने हात घट्ट धरला. हात घट्ट धरला म्हणजे सौदा पक्का. बोटांनी दाबलेला भाव रजतला कळला नाही, आणि रजतने मग तोंडाने सांगितलेला भाव रूपरावजींनी ऐकल्यासारखा दाखवला नाही. शेवटी पैसे रजतच्या भावाने गेले. पण पद्धतीने गेले.

रजतने चार्जर पुढे केला, तर रूपरावजींनी त्याची वायर नीट गुंडाळली आणि ती त्याच्याच हातात परत ठेवली. विकलेल्या बैलाचं दावं विकणाऱ्याकडेच राहतं, ही बाजाराची रीत. नवा धनी नवं दावं आणतो. जुनं दावं घरात आलं तर जनावराचं मन जुन्या गोठ्याकडे ओढत राहतं. रजतने आजवर गिऱ्हाईक चार्जरसाठी भांडताना पाहिलं होतं, परत देताना पाहिलं नव्हतं. त्याने तो घाईघाईने गाडीत टाकला.

हे सगळं महादेवरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. रूपरावजींची पाठ फिरताच त्यांनी त्याचाच जुळा लॅपटॉप उचलला. तोच रंग, तेच मॉडेल. दात, खूर, जबडा, वास, सगळं त्याच क्रमाने पाहिलं, आणि चार्जरही त्याच दिमाखात परत केला.

घरी नवं दावं गावातल्या दुरुस्तीवाल्या धनंजयच्या दुकानातून आलं. मोहिनीने बटन दाबलं. ते वरच्या कोपऱ्यात होतं, हे रूपरावजींनी गुपचूप मनात नोंदवलं. पंखा फिरला, कंपनीचं नाव उमटलं, आणि पडद्यावर एक कुलूप आलं. कुलपाखाली रिकामी चौकट. पासवर्ड टाका.

मोहिनीने जे सुचलं ते टाकून पाहिलं. थोड्या वेळाने मशीननेच सांगितलं की पुरे, आणि एक लांबलचक आकडा दाखवून ती गप्प झाली. बंद करून पुन्हा लावली, पुन्हा तेच कुलूप.

"हे वरचं कुलूप नाई, मामाजी," मोहिनी म्हणाली. "वरचं असतं तं सगळं पुसून नवं टाकलं असतं. ही मशीन जागी व्हायच्या आधीच मागून राह्यली. पायव्यातलं कुलूप हाये."

"मंग पायव्यातली किल्ली टाक."

"थे ज्या ऑफिसचं होतं त्याईच्यापाशी. अन ऑफिस बंद. तुमी चालू करून पाह्यला नोता का?"

"बैल घेताना कोणी आउताले जुंपून पाह्यते का?"

"पाह्यते ना. तुमीच सांगता."

आतून विमलाबाईंचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याच्या नावाचा धाक न बसलेली पंचक्रोशीतली ती एकच व्यक्ती. "दात पाह्यले म्हणे. जीभ पाह्यली असती तं समजलं असतं, मुकं हाये म्हणून."

"रजतले फोन लावू का?" मोहिनीने विचारलं. "बदलून दे म्हणते."

रूपरावजी ताडकन उठले. "फोन नाई. बाजारात नाई. शेजारी नाई. रूपरावानं परत आणलेलं जनावर आष्टीनं पाह्यलं नाई, अन पाह्यणार नाई. काही करा, पण घरातल्या घरात करा."

घरातल्या घरात करायला दोनच दिवसांत जावई आले. नयन जावई वर्ध्याला नोकरीत. त्यांच्याजवळ एक पेनड्राइव्ह होता आणि सासुरवाडीला दाखवायला भरपूर ज्ञान. त्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. जावई मीठ जास्त झालं म्हणाले तर विमलाबाई अख्खी भाजी नवी करायच्या. त्यामुळे जावयांनी बाह्या सरसावल्या तशी रूपरावजींनी त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली.

"एक ट्रिक असते," जावई म्हणाले. "दोन बटनं दाबून धरायची, पेनड्राइव्हमधून पायव्यातलं सॉफ्टवेअर नवं भरायचं. कुलूपही जाते, जंतूही जाते."

"भाऊजी, लाईनचा भरवसा नाई," मोहिनी म्हणाली. "बॅटरी तं मेलेलीच हाये. मधात लाईन गेली तं?"

रूपरावजींनी सुनेकडे असं पाहिलं की ती गप्प बसली. जावईबापूंच्या हाताला अडवायचं म्हणजे काय.

पडद्यावर पट्टी सरकू लागली. अर्ध्यापर्यंत आली. विमलाबाई पाटोडीचा रस्सा वाढू का म्हणून विचारायला दारात आल्या, आणि त्याच क्षणी लाईन गेली. आष्टीची लाईन जाताना कोणाचं काय चाललंय हे विचारत नाही. जावयाला तर मुळीच नाही.

लाईन आली तेव्हा लॅपटॉप काळा ठिक्कर. पंखा फिरायचा, एक बारीक दिवा लुकलुकायचा, बास. आधी निदान कुलूप मागत होता. आता ते मागण्याइतकीही शुद्ध राहिली नव्हती.

"बॅटरीचा प्रॉब्लेम दिसते," जावई म्हणाले. रस्सा पोटभर खाल्ला आणि संध्याकाळची बस धरली.

तिकडे महादेवराव चौकात सांगत फिरत होते की आमचा लॅपटॉप तर घोड्यासारखा पळून राहिला. रूपरावजी त्यावर म्हणत, "आमचा तं उडून राह्यला." दोघंही हसत. दोघांच्याही हसण्यात कुठेतरी कच होती, पण आष्टीतल्या लोकांना नजर फक्त बैलांचीच.

शेवटी रूपरावजींनी लॅपटॉप सरकीच्या ढेपेच्या रिकाम्या पोत्यात घातला आणि भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, धनंजयचं दुकान गाठलं. धनंजय मोबाईल दुरुस्त करायचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि दोन्ही नसतील तेव्हा स्वतःची तारीफ करायचा.

"काकाजी, नागपूरवाले हात टेकतात तवा केस माझ्यापाशी येते," तो म्हणाला. नागपूरहून आजवर त्याच्या दुकानात एकच माणूस आला होता, आणि तोही मुतारी कुठे आहे हे विचारायला. पण रूपरावजींनी ते काढलं नाही. आज गरज आपली होती.

"पैले शपथ घे. हे कोणाले सांगशील नाई."

"मी? कोणाले?" धनंजयने गळ्याला हात लावला. "माझ्या पोटात जे गेलं थे मलेच सापडत नाई."

त्याने मागचं झाकण काढलं, भिंग लावलं, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी एक काळी चकती दाखवली. दोन्ही बाजूंना चार चार पाय. "हे पाहा. याच्यात मशीनीची पहिली समज राह्यते. मी कोण, माझा पडदा कोठी, माझी डिस्क कोठी. सकाळी उठल्यावर माणसाले आपलं नाव आठवते ना, तसं. ते कुलूपबी येथीच. आता जवाईबापूनं नवं भरता भरता लाईन गेली, म्हणून अर्धी समज जुनी, अर्धी नवी. याले उठल्यावर समजतच नाई, हा कोण."

"म्हणजे अर्धा बैल आउताकडं वढते, अर्धा गोठ्याकडं."

"तसंच समजा."

त्याने चकतीला एक बारीक चिमटा लावला. चिमट्याच्या तारा अंगठ्याएवढ्या एका यंत्राला, आणि ते यंत्र त्याच्या कॉम्प्युटरला. पडद्यावर आकड्यांचे रकानेच्या रकाने धावले. धनंजयने ते पुन्हा एकदा वाचून घेतले. "दोनदा वाचायचं. दोन्ही खेपेले सारखं आलं तरच खरं मानायचं. चिमटा हालला तं मशीन खोटं बोलते." ही गोष्ट रूपरावजींना पटली. ढोरांच्या दलालालाही ते दोनदाच विचारत.

"बरबाद हाये," धनंजय म्हणाला. "पण मी लिहून देतो. फक्त चांगली नक्कल पाहिजे. नेटवर भेटते थे अर्धवट राह्यते. नेमकी याच मॉडेलची, याच लॉटची जुळी मशीन असन तं तिच्या चकतीतून वाचून घेतो, कुलपाचा भाग पुसतो अन याच्यात भरतो. उठूनच बसन."

"कुलपाचा भाग पुसता येते?"

"नक्कल शाबूत असन तं येते. तुमच्यातलं कुलूप कोठी संपते अन कचरा कोठी सुरू होते, थेच दिसून नाई राह्यलं. आता सांगा, अशी जुळी मशीन कोणापाशी हाये?"

रूपरावजींना ते चांगलं माहीत होतं. म्हणूनच त्यांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाहेर एक ट्रॅक्टर गेला तोही त्यांनी ओळखला नाही.

महादेवरावांचं घर बागेत. बैठकीत, देवांच्या शेजारच्या कोनाड्यात लॅपटॉप ठेवलेला. त्यावर क्रोशाचं पांढरं झाकण, वर झेंडूचं फूल. रूपरावजी आले तशी महादेवरावांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः कोनाड्यासमोर उभे राहिले.

"काय गा रूपराव, इकडं कसा?"

"असाच आलतो. म्हटलं जोडी पाहून येऊ." रूपरावजींनी घसा साफ केला. "जोडी फुटली की एक बैल चारा सोडते, तुले माहीत हाये. माझावाला जरा सुस्तावल्यासारखा करून राह्यला. म्हणलं तुझावाला दोन घडी नेतो, दोघाले एका जागी बांधतो, मंग आणून देतो."

असली सबब उभ्या तालुक्यात कोणी ऐकली नसेल. पण महादेवराव हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आज नाई जमत. सून काम करून राह्यली त्याच्यावर."

"कोणती सून?" आतून मंदाबाईंचा आवाज आला. महादेवरावांची बायको. "सून तं माहेरी गेली. थ्या डब्ब्यावर कोण काम करते? आला तवापासून कुलूप मागून राह्यला. मी तं फूल वाहून मोकळी झाली."

हे ऐकून शेजारच्या देवांनाही अवघडल्यासारखं झालं. दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. महादेवरावांनी आधी नजर खाली घातली.

"तुझाबी?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझा तं आता कुलूपबी मागत नाई," रूपरावजी म्हणाले. "जवाईबापूचा हात लागला."

"अरे बाप्पा."

"घोड्यासारखा पळून राह्यला म्हणे तुझा."

"अन तुझा उडून राह्यला."

मग दोघंही हसले. यावेळी कच नव्हती. महादेवराव पोट धरून बसले. म्हणाले, "मी तं तू केलं थेच केलं गा. म्हटलं रूपरावानं दात पाह्यले म्हणजे त्यात काही असन."

हे ऐकून रूपरावजींचं हसू अर्ध्यात थांबलं. आपण फसलो हे त्यांनी गिळलं होतं. आपल्या नावाच्या भरवशावर दुसराही फसला, हे घशात अडकलं. पण त्यांनी तेही गिळलं, वरून पाणी प्यायले, आणि करार केला. धनंजय दोन्ही मशीनी उठवेल, दोघंही म्हणतील पहिल्या दिवसापासून चालूच होत्या, आणि या विषयावर मरेपर्यंत कोणी तोंड उघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी महादेवराव संत्र्याच्या टोपल्यात लॅपटॉप घालून आले. धनंजयने त्याची चकती दोनदा वाचली, कुलपाचा भाग शोधून पुसला, आणि ती नक्कल रूपरावजींच्या मशीनमध्ये भरायला घेतली. लाईन जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर लावला, आणि इन्व्हर्टरवर विश्वास नाही म्हणून महादेवरावांनी त्याच्या बॅटरीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं.

बटन दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. पुन्हा बंद झाला, पुन्हा आपोआप लागला. रूपरावजींनी बाजारात उधळलेले बैल शिंगाला धरून थांबवले होते, पण त्या दुकानात त्यांना स्टूल धरावं लागलं. मग कंपनीचं नाव उमटलं, क्षणभर थांबलं, आणि कुलूप न मागता पुढे गेलं.

"उठला," धनंजय म्हणाला. मग महादेवरावांचाही उठला. धनंजयने दोघांकडून मजुरी घेतली आणि दोघांना सांगितलं की हे काम जगात तीनच माणसं करतात. बाकीच्या दोघांची नावं त्याने सांगितली नाहीत.

मोहिनीचं काम तोडीच्या आधी सुरू झालं. रूपरावजींचं नाव जसं होतं तसं राहिलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण पुढचा बाजार आला.

रूपरावजी बाजारात शिरले तर लांबूनच आवाज ऐकू आला. रजत नवा लॉट घेऊन आला होता आणि डब्यावर चढून ओरडत होता, "आओ काका, आओ काकू. रूपरावजींनी पसंत केलेला माल. आष्टीचे रूपरावजी, नाम तो सुना होगा. उन्होंने लिया, तुम भी लो."

ताडपत्रीपुढे ही गर्दी. अगदी पुढे कौशल्याबाई. वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकून घर चालवणारी बाई. मुलीच्या कॉलेजासाठी लॅपटॉप घ्यायला पदरात पैसे बांधून आलेली. रूपरावजींना पाहताच तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आले, भाऊजी," ती म्हणाली. "आकांक्षासाठी घेऊन राह्यली. मले काही समजत नाई. तुमी फक्त हात लावा. तुमचा हात लागला की मी डोळे मिटून पैसे देते."

रूपरावजी उभे राहिले. मागे महादेवराव येऊन उभे होते, त्यांनी कोपराने ढोसलं. करार आठव, असं त्या कोपराचं म्हणणं. समोर तेच निजवलेले डबे, टेबलावर तोच नाच. हात लावला तर बाई बुडते. नाही लावला तर लोक विचारतात, का नाही लावला. आणि खरं सांगितलं, तर कुंपण घालून जपलेली इस्टेट याच ताडपत्रीवर, याच गर्दीसमोर मोडते.

"कौशल्याबाई, घेऊ नोका," ते म्हणाले. "हे मुके हायेत. आत कुलूप हाये. मी घेतला, मी फसलो."

रूपरावजींनी डोळे मिटून घेतले. आता हसतील, असं त्यांना वाटलं.

हसले खरे. पण वेगळंच.

"वा, रूपरावजी वा," एक जण मागून म्हणाला. "भाव पाडून राह्यले."

आता हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. ढोरांच्या बाजारात ज्याला जनावर हवं असतं तोच त्याला नावं ठेवतो. खूर वाईट, नजर चोर, पोट खोल. जितकी नावं जास्त तितका माल पसंत. रूपरावजींनी इतकी नावं तर कोणाही बैलाला ठेवली नव्हती. लोक पुढे सरकले. दोघांनी तर डबे उचललेही.

"भाव नाई पाडून राह्यलो गा," रूपरावजी म्हणाले. "खरं सांगून राह्यलो. मी बिना चालू करता घेतला. मले बटनच माहीत नोतं."

"आयका," दुसरा म्हणाला. "म्हणे बटन माहीत नोतं." आणि पुन्हा हशा.

त्यांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव आभाळाकडे पाहत होते. तेव्हा रूपरावजी कौशल्याबाईकडे वळले. "बाई, माझं आयकू नोका. त्याले म्हणा, हा उचललेला चालू कर. टेबलावरचा नाई, हाच."

"बॅटरी लो है," रजत म्हणाला.

"टेबलावरचं दावं काढून याले लाव."

कौशल्याबाईने पदराची गाठ पुन्हा आवळली आणि जागची हलली नाही. भाजीच्या बाजारात उभं आयुष्य गेलेली बाई. समोरचा वजनात हात मारतोय एवढं तिला कळायचं. रजतने इकडेतिकडे पाहिलं. शेवटी चार्जर लावला, बटन दाबलं. पंखा फिरला. कंपनीचं नाव उमटलं. आणि पडद्यावर भलंमोठं कुलूप आलं.

बाजार असा चूप झाला की ढोरांनीही रवंथ थांबवली, असं लोक सांगतात.

मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "बंद डब्ब्यातलं कुलूप बाहेरून वळखलं गा यानं."

"हातबी नाई लावला."

"लांबूनच सांगितलं, मुका हाये म्हणून."

"अगा, मी फसलो म्हणून मले माहीत," रूपरावजी ओरडले. "दोघंबी फसलो. या महादेवरावले विचारा."

आभाळातून नजर काढून महादेवरावांनी गर्दीकडे पाहिलं. करार मोडला होता, आता पाळायचं काही उरलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "आमी दोघंबी फसलो. माझ्याले तं आमची मंदा फूल वाहत होती."

लोकांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. एवढा मोठा पारखी, आणि एवढा नम्रपणा. आता दुसरा पारखीही त्याच्यासाठी लहानपणा घेतोय. रजतने त्या दिवशी लॉट परत गाडीत भरला. कौशल्याबाईने रूपरावजींच्या पाया पडायची तयारी केली. त्यांनी पाय मागे घेतले, तर लोकांनी तेही नम्रपणात धरलं.

घरी आले तेव्हा मोहिनी लॅपटॉपवर हिशेब करत होती. विमलाबाईंनी पाण्याचा गडवा पुढे केला.

"सांगितलं म्हणे सगळं बाजारात," त्या म्हणाल्या. "धनंजय सांगून गेला."

"त्यानं तं शपथ घेतलती."

"थो म्हणे, शपथ दुरुस्तीची होती, बाजाराची नाई. मंग? गेलं का नाव?"

"नाई गेलं," रूपरावजी ओसरीवर बसत म्हणाले. "देऊन पाह्यलं. कोणी घेत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावकडचा एक माणूस जुना फ्रीज ट्रॅक्टरवर बांधून दारात हजर. जरा पाहून द्या म्हणाला. रूपरावजींनी दोन्ही हात जोडले. "दादा, मले फ्रीजातलं काहीच समजत नाई."

त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला. त्याने ट्रॅक्टर बंद केला, ओसरीवर मांडी घातली आणि म्हणाला, "हेच आयकाले आलतो, काकाजी. लॅपटॉपच्या वखती असंच म्हणले होते म्हणे."

आत विमलाबाईंनी चहाचं आधण वाढवलं.